होकायंत्राची सुई आणि म्हात्र्यांचा फ्रीज

आठवीच्या वर्गात चुंबकत्वाचा धडा आला की कमलाकर दातार सर हल्ली तो घाईघाईनं उरकतात. एके काळी हा धडा म्हणजे त्यांचा हातखंडा होता. खिशातून ऐटीत होकायंत्र काढायचं, टेबलावर ठेवायचं, आणि "सांगा बघू, उत्तर कुठे?" असं विचारून वर्गावर एक नजर फिरवायची. आता ते होकायंत्र शिपायाकडून मागवतात आणि सुई थरथरायला लागली की खिडकीबाहेर बघतात. मुलांना वाटतं, सर चुंबकाला घाबरतात. खरं म्हणजे सरांना लाज वाटते. ती का वाटते हे नवीन पनवेलमधल्या त्यांच्या आख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे, त्यामुळे इथे सांगायला काही हरकत नसावी.

गोष्ट त्र्याण्णव सालची. आदल्या दिवाळीपासून सरांच्या बायकोचं, आशालताबाईंचं, डोकं दुखत होतं. सकाळी उठल्या की पहिला हात कपाळावर जायचा. नऊ वर्षांची मनस्वी दात घासायच्या आधीच "आई, मळमळतंय" म्हणायची. डॉक्टरांनी आधी पित्त सांगितलं, मग चष्मा तपासून घ्या म्हणाले, आणि सांगण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा "हवा" म्हणाले. गंमत अशी की आशालताबाई पेणला माहेरी गेल्या की दोन दिवसांत ठणठणीत व्हायच्या. पनवेलला परतल्या की पुन्हा कपाळाला ओढणी. यावरून पेणच्या सासूबाईंनी जो अर्थ काढला होता तो फिरत फिरत सरांच्या कानावर आला होता आणि त्यांना फार लागला होता. बायकोचं दुखणं आपल्यामुळे नाही, हे सिद्ध करायची त्यांना घाई झाली होती.

अशा मनःस्थितीत फेब्रुवारीतल्या एका रविवारी पेपरच्या पुरवणीत लेख आला. घरातल्या विजेच्या वस्तूंमधून म्हणे अदृश्य लहरी निघतात, आणि त्यांचा कुटुंबाच्या प्रकृतीवर परिणाम होत असावा असा काहींना संशय आहे. लेख लिहिणारा प्रामाणिक असणार. "याबाबत अजून खात्रीनं काही सांगता येत नाही" असं त्यानं शेवटच्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलं होतं. पण तो परिच्छेद असलेला कोपरा फाडून त्यात आशालताबाईंनी मनस्वीला दोन लाडू बांधून दिले होते. उरलेला लेख सरांनी तीन वेळा वाचला.

विज्ञानाच्या शिक्षकानं ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, म्हणून सरांनी शाळेतलं होकायंत्र "दुरुस्तीसाठी" अशी नोंद करून घरी आणलं. स्वयंपाकघरात सुई उत्तरेकडे. बाहेरच्या खोलीत, जिथे सर वह्या तपासता तपासता दिवाणावरच झोपत, तिथेही उत्तरेकडे. मग त्यांनी होकायंत्र आतल्या खोलीत मायलेकींच्या पलंगावर ठेवलं. सुई जरा घुटमळली. उशाशी नेली तर गर्रकन वळून पश्चिमेच्या भिंतीकडे बघत राहिली. सरांनी काचेवर टिचकी मारली, होकायंत्र फिरवून ठेवलं, शेवटी स्वतः पलंगावर पालथे पडून डोळा लावून बघितलं. सुई आपली भिंतीकडेच. सरांच्या अंगावर काटा आला.

त्या भिंतीपलीकडे म्हात्र्यांचं स्वयंपाकघर होतं. तिथे त्याच भिंतीला पाठ लावून म्हात्र्यांचा फ्रीज उभा होता. आणि फ्रीज आला होता धनत्रयोदशीला, म्हणजे डोकेदुखी सुरू झाली त्याच आठवड्यात.

गोरख म्हात्रे मूळचे जासईकडचे. जमीन सरकारनं घेतल्यावर ते इथे राहायला आले आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्यांनी दोन ट्रक लावले. घरात बायको प्रमिला आणि म्हातारी आई सोनाबाई. सोनाबाईंना साखरेचा आजार, रोजचं इंजेक्शन. त्याची बाटली थंडाव्यात ठेवावी लागते म्हणून तर फ्रीज घेतला. आता फ्रीज म्हात्र्यांनी घेतला तरी तो सगळ्या मजल्याचा होता. आल्या दिवशीच प्रमिलानं आशालताबाईंना उघडून दाखवला आणि म्हणाली, "वैनी, वरचा कप्पा तुमचा. आमी काय तिथं ठेवणार नाय." तेव्हापासून दातारांचं दुधाचं पातेलं, विरजण, शनिवारचं इडलीचं पीठ आणि मनस्वीचा सरबताचा बर्फ हे सगळं वरच्या कप्प्यात राहत होतं.

आता साधा माणूस काय करेल? दार वाजवेल आणि "म्हात्रे, जरा फ्रीज चार दिवस सरकवून बघता का?" म्हणेल. पण ज्याच्या फ्रीजमध्ये आपलं दही लागतंय त्याला तोंडानं हे कसं सांगायचं? सरांना अवघड वाटलं. अवघड वाटलं की सर अर्ज लिहितात. ही त्यांची जुनी सवय आहे.

सोसायटीच्या सेक्रेटरी दमयंतीबाई तळमजल्यावर राहत. निवृत्तीपर्यंत तहसील कचेरीत काढल्यामुळे बाईंचा कागदावर फार जीव. अर्ज वाचून त्या म्हणाल्या, "लहरी म्हणजे विजेचा विषय. आधी वीज कार्यालयाचा अभिप्राय आणा. आणि हा अर्ज दोन प्रतींत द्या, याला समास नाही."

तोवर बातमी जिन्यानं वर गेली होती. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी डोकं दक्षिणेला करून झोपायला सांगितलं. तसं केलं तर मनस्वीचे पाय कपाटावर आपटू लागले. चौथ्या मजल्यावरच्यांनी पलंगाखाली चिरलेला कांदा ठेवायला सांगितला. तो चार दिवस ठेवल्यावर डोकेदुखी होती तशीच राहिली आणि मुंग्या आल्या. शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांचं म्हणणं पडलं की लहरी पत्र्याला घाबरतात. हे सरांना शास्त्रीय वाटलं. त्यांनी गोडेतेलाचे तीन रिकामे डबे फोडून सपाट केले आणि ते पश्चिमेच्या भिंतीवर ठोकायला घेतले.

त्या बिल्डिंगच्या भिंती किती जाड आहेत याचा अंदाज त्या बांधणाऱ्यांनाही नसावा. तिसरा खिळा पलीकडे निघाला आणि म्हात्र्यांचं कॅलेंडर कोलंबीच्या कालवणात पडलं. प्रमिला पदराला हात पुसत दारात आली. सरांनी हातोडी पाठीमागे लपवली.

"सर, तुमाला काय लागलं नाय ना?" तिनं विचारलं.

"नाही, नाही. जरा... तसबीर लावत होतो."

"लावा, लावा. कालवण काय, परत करता येतं." आणि जाता जाता म्हणाली, "दूध तापवून ठेवलंय वैनींचं, फुटंल म्हणून."

त्या दिवशी सरांना पहिल्यांदा जराशी लाज वाटली. पण ती लवकर ओसरली, कारण डोकेदुखी वाढली. सरांनी खबरदारी म्हणून खोलीची खिडकीही बंद करून टाकली होती. कळंबोलीच्या बाजूला विजेचे मोठे मनोरे दिसतात, न जाणो तिकडूनही काही येत असेल. खिडकी बंद, भिंतीवर पत्रा, आणि आशालताबाई सकाळी भिंतीला धरून उठू लागल्या. मनस्वीला दोनदा उलटी झाली. लहरी चवताळल्या आहेत, असा निष्कर्ष सरांनी काढला.

मग ते वीज कार्यालयात गेले. सरकारी दारी जायचं तर पोशाख हवा, म्हणून त्यांनी पलंगाखालच्या लोखंडी पेटीतून आपला लग्नातला सूट काढला. कसरीनं त्याच्या बाहीला भोक पाडल्यापासून त्या पेटीचा बंदोबस्त सरांनी जातीनं केला होता, आणि सूट अगदी नव्यासारखा राहिला होता. रांगेत त्यांच्या पुढचा माणूस वळून बघून बाजूला झाला. मागचा दोन पावलं मागे सरला. सुटाला अजून मान आहे हे पाहून सरांना बरं वाटलं. खिडकीतल्या कारकुनानं तर दोनदा शिंकून खुर्चीच मागे घेतली.

"मीटर जोरात पळतो का?" त्यानं नाकाला रुमाल लावून विचारलं.

"नाही. लहरी येतात."

"म्हणजे लाइट जाते येते?"

"लाइट नाही हो. अदृश्य लहरी. माझी पत्नी आजारी आहे."

कारकुनानं छापील फॉर्म खालीवर बघितला. बिल जास्त, मीटर बंद, तार तुटणे, खांब वाकणे. शेवटी त्यानं "इतर"वर खूण केली आणि शेजारी "पत्नी" असं लिहिलं.

त्या "पत्नी"च्या तक्रारीवर तीन आठवड्यांनी एक वायरमन आला. त्यानं टेस्टर भिंतीला चार ठिकाणी लावून "भिंतीत करंट नाही" असा अभिप्राय दिला. पण जाता जाता त्याचं लक्ष सरांच्या दारावरच्या बेलकडे गेलं. बेलची वायर पुढे जिन्यातल्या सोसायटीच्या दिव्याला जोडलेली होती. सहा वर्षांपूर्वी सरांनी ती "तात्पुरती" जोडली होती. वायरमननं ते दमयंतीबाईंच्या समक्ष मोठ्यानं सांगितलं, आणि बाईंनी ते समास सोडून लिहून घेतलं.

इतकी शोभा झाल्यावर शहाण्यानं गप्प बसावं. सर बसले नाहीत. गेलेली अब्रू परत आणायची तर लहरी सिद्ध करणं भाग होतं. एप्रिलमध्ये सोसायटीची सभा लागली तेव्हा सर पुन्हा सूट घालून उभे राहिले आणि सगळ्या सभासदांना रांगेनं आपल्या आतल्या खोलीत नेलं. प्रत्येकाला सुई दाखवली. उत्तर खिडकीकडे आणि सुई भिंतीकडे, हे कुणालाही दिसत होतं. वरच्या मजल्यावरच्यांनी "अरे बाप रे" म्हटलं. दमयंतीबाईंनी चष्मा लावून दोनदा बघितलं आणि इतिवृत्तात लिहिलं: श्री. दातार यांनी प्रयोगानिशी दाखविले.

गोरख म्हात्रे रांगेत शेवटी होते. त्यांनी सुईकडे बघितलं, पलंगावर डोक्याला ओढणी बांधून बसलेल्या आशालताबाईंकडे बघितलं.

"सर, हे आदी सांगायचं ना," ते हळू आवाजात म्हणाले. "वैनींना आमच्यामुळं तरास होतो हे आमाला काय म्हाईत? त्याला ठराव कशाला पायजे? उद्याच्याला हलवतो."

ठराव तरीही झाला. दमयंतीबाईंनी तो आधीच लिहून आणला होता.

सभा संपल्यावर आशालताबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आपलं दही आहे त्या फ्रीजमध्ये. तुम्ही आपल्या दह्याविरुद्ध ठराव केलात!" दुसऱ्या दिवशी आशालताबाईंनी स्वतः जाऊन पातेलं आणलं. दूध संध्याकाळी नासलं.

म्हात्र्यांच्या स्वयंपाकघरात फ्रीजला दुसरी जागा नव्हती, म्हणून तो गॅलरीत गेला. गॅलरी पश्चिमेची. तिथल्या प्लगची पकड ढिली, फ्रीज कधी चालू तर कधी बंद. वर एप्रिल संपून मे लागला. मे महिन्यातलं दुपारचं ऊन पनवेलमध्ये ज्यानं सोसलंय त्याला जास्त सांगायला नको. इकडे सर रोज सकाळी बायकोला विचारत, "आज जरा हलकं वाटतंय ना?" आणि त्या बिचाऱ्या नवऱ्याचा चेहरा बघून "हो, जरासं" म्हणत. दुखणं तसूभरही हललं नव्हतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोनाबाई न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडल्या. गोरख त्यांना ट्रकमध्ये घालूनच दवाखान्यात घेऊन गेले. साखर भलतीच वाढली होती. इंजेक्शन तर रोज चाललंय, मग असं कसं, म्हणून डॉक्टरांनी बाटली मागवली. औषध उष्णतेनं पार खराब झालं होतं.

हे सरांना दमयंतीबाईंकडून कळलं. "डॉक्टरांनी विचारलं, फ्रीज बंद होता का," बाई सांगत होत्या. "गोरख म्हणाला, लाइट गेली होती. लाइट कुठे गेली होती हो? मी आठवडाभर घरात आहे."

सर वर आले आणि दिवाणावर बसून राहिले. त्यांना जेवण गेलं नाही. म्हात्रे भांडले असते, शिव्या दिल्या असत्या, तर सरांनी दोन प्रतींत उत्तर लिहिलं असतं. पण आपलं नावही न घेता तो माणूस सगळं लाइटवर ढकलून मोकळा झाला, याला उत्तर काय लिहायचं हे त्यांना सुचेना. दवाखान्यात भेटायला जावं म्हणून ते दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा रिक्षा स्टँडवरून परत आले.

पाच दिवसांनी दारावरची बेल वाजली (आता ती घरच्या मीटरवर होती). दारात सोनाबाई. काष्टा कसलेल्या, हातात ताडगोळ्यांची पिशवी. दवाखान्यातून आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी म्हातारी आशालताबाईंच्या समाचाराला आली होती.

"मास्तर, सून म्हनाली तुमची बायको अजून आजारीच हाय," त्या म्हणाल्या. "मला तर सलाईन लावून उठवली. हिला कोन बगतंय?"

सरांना कुठे बघावं कळेना. त्यांनी पिशवी घेतली, ती उगाच या हातातून त्या हातात केली आणि म्हातारीला आतल्या खोलीत नेलं.

सोनाबाई पलंगावर टेकल्या आणि लगेच उठल्या. त्यांनी नाक वर करून दोनदा हुंगलं. खिडकीकडे गेल्या, ती धाडकन उघडली, भिंतीवरच्या पत्र्याकडे बघून मान हलवली. मग सरळ खाली बसल्या आणि लुगडं सावरत पलंगाखाली डोकावल्या.

"या पेटीत काय भरलाय?"

"कपडे आहेत, आजी," आशालताबाई म्हणाल्या. "यांचा सूट, माझा शालू, लोकरीचे..."

"बाहेर काढा बगू."

सरांनी पेटी ओढली. झाकण उघडलं आणि खोलीतली तिघंही एकदम मागे सरली. कपड्यांच्या प्रत्येक घडीत डांबराच्या पांढऱ्या गोळ्या होत्या. कोपऱ्यांत होत्या, खिशांत होत्या, तळाशी तर त्यांचा थरच होता. दिवाळीच्या सफाईत सरांनी सूट वाचवायचाच असा निश्चय करून आख्खं किलोभराचं पाकीट आत रिकामं केलं होतं. मग झाकण नीट बसेना, तेव्हा ते तसंच ठेवून पेटी बायकोच्या उशाखाली भिंतीपर्यंत ढकलली होती.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, फार उग्र वास येतोय," आशालताबाई पुटपुटल्या. "तुम्ही म्हणालात, स्वच्छतेचा वास आहे, होईल सवय."

सोनाबाईंनी एक गोळी चिमटीत धरून सरांपुढे केली. "अवो मास्तर, यानं कसर मरते, झुरळ मरतं. त्याच्यावर बायकोपोरीला झोपवलीत तुमी? डोका दुखंल नाय तर काय होईल?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे सरांना ते फारच लागलं. त्यांनी मुकाट्यानं पेटी उचलून गॅलरीत नेली. परत आले तर मनस्वी पलंगावर होकायंत्र घेऊन बसली होती.

"बाबा, बघा ना," ती म्हणाली. "सुई आता खिडकीकडे दाखवतेय."

सरांनी बघितलं. उशाशी ठेवलेली सुई शहाण्यासारखी उत्तरेकडे बघत होती. पेटी लोखंडाची. होकायंत्राजवळ लोखंडी वस्तू ठेवू नये, हे वाक्य चुकवलं म्हणून सरांनी गेल्याच वर्षी एका पोराकडून पन्नास वेळा लिहून घेतलं होतं. सुई तीन महिने खाली असलेल्या पेटीकडे ओढ घेत होती, आणि सर तिच्या टोकापलीकडे शेजाऱ्याचा फ्रीज बघत होते. सगळ्या सोसायटीला रांगेनं आणून त्यांनी आपलाच गुन्हा दाखवला होता, आणि त्याचं इतिवृत्तही झालं होतं.

चार दिवसांत आशालताबाईंची ओढणी कपाळावरून खांद्यावर आली. मनस्वी दात न घासता पोहे मागू लागली. सरांना आनंद झाला, पण तो उघड करायची सोय नव्हती. बायकोला त्यांनी हळूच सुचवून बघितलं, "ऋतू बदलल्यामुळे बरं वाटलं, असं म्हटलं तर?"

आशालताबाई म्हणाल्या, "म्हातारी मरता मरता वाचली आहे. तुम्ही सांगणार की मी सांगू?"

सर दमयंतीबाईंकडे गेले. ठराव मागे घेण्याचा अर्ज त्यांनी दोन प्रतींत, समास सोडून लिहिला होता. बाई म्हणाल्या, "सभेत झालेला ठराव सभेतच मागे घ्यावा लागतो. कारण सांगावं लागेल. तेही उभं राहून."

सर उभे राहिले. या वेळी साध्या शर्टात. लहरी नव्हत्या, डांबराच्या गोळ्या होत्या, त्या मीच ठेवल्या होत्या, आणि सुई माझ्याच पेटीकडे बघत होती, एवढी चार वाक्यं त्यांनी खाली बघून म्हटली. वरच्या मजल्यावरचे आधी हसले, मग सोनाबाईंकडे लक्ष गेल्यावर गप्प झाले. "म्हात्रे, आजींच्या दुखण्याला मी कारण आहे," सर म्हणाले. दमयंतीबाईंनी लिहायचं थांबवून पेनाला टोपण लावलं.

"जाऊ द्या, सर," गोरख उठून म्हणाले. "फ्रीज उचलायला एक मानूस कमी हाय, तेवडं या."

सरांनी फ्रीजला स्वतःचा खांदा दिला. गॅलरीतून स्वयंपाकघरात येईपर्यंत त्यांच्या पायाचं बोट एकदा चाकाखाली आलं, पण त्यांनी आवाज काढला नाही. फ्रीज भिंतीला पाठ लावून जुन्या जागी उभा राहिला. वर कॅलेंडर होतं, त्यावर कालवणाचा पिवळा डाग, आणि शेजारी सरांच्या खिळ्याचं भोक. गोरखनी प्लग लावला. फ्रीज घुरघुरला आणि चालू झाला. सर घाम पुसत दाराकडे वळले.

"सर, असे चाललात कुटं?" प्रमिला म्हणाली. तिनं फ्रीजचं दार उघडलं. खालचे कप्पे भाजीनं, मासळीच्या डब्यांनी गच्च भरले होते. दाराच्या खणात इंजेक्शनची नवी बाटली होती. वरचा कप्पा पुसून स्वच्छ केलेला, आणि पूर्ण रिकामा.

"आमी काय ठेवलं नाय तिथं," ती म्हणाली. "वैनींना पातेलं पाठवायला सांगा. दूध नासंल ना."

सर दारातच उभे राहिले. मग ते घरी गेले, ओट्यावरचं दुधाचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं, आणि खाली मान घालून स्वतःच घेऊन आले.